कळते, पण वळत नाही
विद्यार्थ्याच्या मनातील कारभारी आणि त्याचे शिक्षण

परीक्षेचे निकाल लागले की घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येते : “मुलगा हुशार आहे हो, पण अभ्यास करीत नाही.” ह्या वाक्यात पालकांचे समाधानही असते आणि तक्रारही असते. मुलाला बुद्धी आहे हे समाधान, आणि ती उपयोगात येत नाही ही तक्रार. ह्या वाक्यातील ‘पण’ ह्या एका शब्दाचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बडोदे संस्थानात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली ती योजना सर्व संस्थानास लागू केली. त्या काळी प्रश्न होता तो मुलास शाळेच्या दारापर्यंत आणण्याचा. आज आपल्या समाजातील बहुतेक मुले शाळेत आहेत. शुल्काची, पुस्तकांची, राहण्याची अडचण असेल तर आपल्या न्यासासारख्या संस्था यथाशक्ती हात देतात. तथापि शुल्क भरले, पुस्तके आली, शिकवणीही लावली, एवढे सर्व होऊनही काही मुले मागे पडतात. त्यांचा अर्ज मुदतीच्या दुसऱ्या दिवशी तयार होतो, वही घरी राहते, प्रयोगाची नोंदवही शेवटच्या रात्री लिहिली जाते. अशा मुलास ‘आळशी’ म्हणून मोकळे होणे सोपे असते. परंतु हा शब्द पंधराव्या वर्षी कपाळी बसला की पुढे तो पुसता पुसत नाही, आणि कित्येकदा एक चांगले शिक्षण केवळ त्यामुळे अर्धवट राहते. म्हणून ह्या विषयाकडे सर्व पालकांनी व शिक्षकांनी लक्ष द्यावे अशी आमची विनंती आहे.

१. कारभारी म्हणजे कोण?

एखाद्या मोठ्या वाड्यात धान्य भरपूर आहे, नोकरचाकर आहेत, पैसाही आहे. परंतु कारभारी नाही, अशी कल्पना करावी. कोणते काम आधी, कोणते नंतर, कोणास कोठे पाठवावयाचे, खर्च किती झाला, शिल्लक किती, हे पाहणारे कोणी नाही. अशा वाड्यात धान्य असून चूल वेळेवर पेटत नाही. बुद्धी, स्मरण, भाषा ही मनाची संपत्ती होय. ती संपत्ती ठरलेल्या कामास, ठरलेल्या वेळी लावणारी जी शक्ती, तिला इंग्रजीत ‘एक्झिक्युटिव्ह फंक्शन’ म्हणतात. आम्ही ह्या लेखात तिला ‘मनाचा कारभारी’ म्हणू. बेत आखणे, कामास आरंभ करणे, मोह आवरणे, वेळेचा अंदाज घेणे, सामान जागच्या जागी ठेवणे, चूक दिसताच मार्ग बदलणे, ही सारी त्याची कामे.

ह्यावरून एक गोष्ट वाचकांच्या ध्यानात येईल. बुद्धी आणि कारभार ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एखाद्या मुलाजवळ पहिली विपुल असून दुसरी तोकडी असू शकते. ‘कळते पण वळत नाही’ अशी म्हण आपल्या पूर्वजांनी करून ठेवली आहे. कळणे हे बुद्धीचे काम आणि वळणे हे कारभाऱ्याचे काम, असा तिचा अर्थ येथे घ्यावा.

२. शोधाची हकीकत

मेंदूतील ह्या कारभाऱ्याचे ठिकाण कोठे, ह्याचा पहिला मोठा धडा एका अपघाताने मिळाला. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात कॅव्हेंडिश गावाजवळ रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचे काम चालू होते. तेथील मुकादम फिनिअस गेज हा पंचवीस वर्षांचा तरुण १३ सप्टेंबर १८४८ रोजी सुरुंगाची दारू पहारीने ठासत असता स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब असलेली ती लोखंडी पहार गालाखालून शिरून कपाळाच्या वरून बाहेर पडली. आश्चर्य असे की गेज वाचला. त्याची वाचा शाबूत होती, स्मरण शाबूत होते. परंतु त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर हार्लो ह्यांनी १८६८ साली लिहून ठेवले की, पूर्वीचा दक्ष व कामसू मुकादम राहिला नव्हता. तो अनेक बेत आखी आणि ते तडीस जाण्यापूर्वीच सोडून देई. कपाळामागील मेंदूचा भाग दुखावला असता बुद्धी राहते पण कारभार मोडतो, हे जगास प्रथम येथे दिसले.

ह्या हकीकतीचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे. गेज पुढे दक्षिण अमेरिकेतील चिली देशात गेला आणि तेथे काही वर्षे त्याने घोड्यांची टपालगाडी हाकली. ठरलेल्या वेळी उठणे, घोड्यांस चारा देणे, जुंपणे, ठरलेल्या रस्त्याने उतारू पोहोचविणे, असा तो नेमाचा दिनक्रम होता. ह्या बांधीव दिनक्रमामुळेच त्याची वर्तणूक बरीचशी सावरली असावी, असे मत अलीकडील अभ्यासकांनी मांडले आहे. आतला कारभारी अशक्त असेल तर बाहेरची शिस्तबद्ध व्यवस्था त्याचा भार उचलते, हे सूत्र वाचकांनी येथेच ध्यानात ठेवावे. पुढील सर्व विवेचन ह्याच सूत्रावर उभे आहे.

विसाव्या शतकात रशियातील अलेक्झांडर लुरिया ह्यांनी मेंदूस इजा झालेल्या अनेक रुग्णांचा अभ्यास करून असे दाखविले की, कपाळामागील भाग काम आखतो, चालवितो आणि तपासतो. १९७४ साली ब्रिटनमध्ये ॲलन बॅडली व ग्रॅहॅम हिच ह्यांनी ‘कार्यस्मृती’ची कल्पना मांडली. तेव्हापासून हा विषय शिक्षणशास्त्रात हळूहळू स्थिरावत गेला.

३. कारभाऱ्याची तीन मुख्य कामे

२००० साली अकिरा मियाके व त्यांचे सहकारी ह्यांनी ह्या शक्तीचे तीन घटक वेगळे करून दाखविले. ते आपण घरच्या उदाहरणांनी समजून घेऊ.

पहिला घटक कार्यस्मृतीचा. हातातील काम संपेपर्यंत लागणाऱ्या गोष्टी मनात धरून ठेवणे, असे तिचे स्वरूप आहे. शाळेतून आलेल्या मुलास आई सांगते, “दप्तर जागेवर ठेव, हातपाय धू, डबा मोरीत टाक आणि येताना आजीच्या औषधाची बाटली घेऊन ये.” मुलगा दप्तर खाली टाकतो आणि बाटली तेवढी आणतो. त्याने मधल्या दोन गोष्टी मुद्दाम टाळल्या असे नाही. त्या मनातून गळून पडल्या. मोठ्या माणसालाही एका वेळी चारपाचच गोष्टी नीट धरता येतात, मुलांना त्याहून कमी. येथे आपल्या समाजापुरता एक विशेष सांगावासा वाटतो. आपल्या मुलांची घरची भाषा मराठी, रस्त्यावरची गुजराती आणि पुष्कळांच्या शाळेची इंग्रजी. अनेक भाषा येणे हे भाग्यच होय. परंतु जी भाषा अजून सरावाची झालेली नाही, तिच्यातून सूचना ऐकताना कार्यस्मृतीचा काही भाग भाषा उलगडण्यातच खर्च होतो आणि कामासाठी कमी उरतो. इंग्रजी माध्यमात नव्याने गेलेला मुलगा ‘लक्ष देत नाही’ असे वाटते, त्याचे हे एक साधे कारण असू शकते.

दुसरा घटक संयमाचा. खाली गल्लीत क्रिकेटचा आवाज येत असता गणितावर टिकून राहणे, किंवा प्रश्न पुरता वाचण्यापूर्वीच उत्तर लिहिण्याची घाई आवरणे, ही संयमाची उदाहरणे.

तिसरा घटक मनाच्या लवचिकपणाचा. एका रीतीने उदाहरण सुटत नाही असे दिसताच दुसरी रीत घेणे, इतिहासाचे पुस्तक मिटून भूमितीकडे वळणे, ठरलेला बेत बिघडला तर नवा करणे, हे त्याचे काम. ज्याचा हा घटक दुबळा तो परीक्षेत पहिल्याच अवघड प्रश्नाशी झुंजत बसतो आणि पुढील सोपे प्रश्न तसेच राहतात.

४. हे वयाबरोबर येते, पण सर्वांस एकाच वेळी येत नाही

कपाळामागील मेंदू हा सर्वांत शेवटी परिपक्व होणाऱ्या भागांपैकी आहे. त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. म्हणजे दहावी-बारावीच्या मुलाकडून आपण ज्या नियोजनाची अपेक्षा करतो, ते नियोजन करणारे यंत्र अद्याप घडत असते. त्यातही वाढीचा वेग प्रत्येकाचा वेगळा. धाकटीला न सांगता जमते ते थोरल्याला सांगून जमत नाही, ह्यात नवल नाही. आणि दोघांची तुलना करण्यात हशीलही नाही.

तथापि ‘मोठा झाला की येईल’ म्हणून स्वस्थ बसणेही योग्य नव्हे. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारांहून अधिक मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करण्यात आला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की, लहानपणी ज्यांचा आत्मसंयम कमी होता त्यांस वयाच्या बत्तिसाव्या वर्षी आरोग्याच्या व पैशाच्या अडचणी अधिक होत्या. बुद्धिमत्ता आणि घरची सांपत्तिक स्थिती हिशेबात धरूनही हा फरक उरत होता. परंतु त्याच अभ्यासात आशेची गोष्ट अशी की, मधल्या काळात ज्यांचा संयम सुधारला त्यांचे पुढील आयुष्यही अपेक्षेपेक्षा बरे गेले. म्हणजे हा ललाटलेख नव्हे. येथे शिक्षणास वाव आहे.

५. शिकवणी वेगळी, मार्गदर्शन वेगळे

शिकवणीचे शिक्षक विषय शिकवितात. आम्ही ज्या मार्गदर्शनाविषयी लिहीत आहोत त्यात विषय शिकविला जात नाही, तर अभ्यासाचा कारभार शिकविला जातो. अमेरिकेत ह्यास ‘कोचिंग’ म्हणतात. आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थ शिकवणीचे वर्ग असा झालेला असल्याने तो आम्ही टाळला आहे. १९९४ साली हॅलोवेल व रेटी ह्या दोन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी अवधान न टिकणाऱ्या माणसांसाठी असा एक सोबती असावा असे आपल्या पुस्तकात सुचविले. पुढे पेग डॉसन व रिचर्ड ग्वेअर ह्यांनी ती रीत शाळकरी मुलांसाठी बांधून काढली.

ह्या रीतीचे मर्म एका उपमेने सांगता येईल. इमारत बांधताना गवंडी बांबूची परांची उभारतात. परांची ही इमारत नव्हे, पण तिच्याशिवाय वरचा थर चढत नाही. आणि काम होताच ती काढून घ्यावयाची असते. १९७६ साली वुड, ब्रूनर व रॉस ह्यांनी लहान मुलांस ठोकळ्यांचा मनोरा रचावयास शिकवितानाचे निरीक्षण करून हीच उपमा शिक्षणशास्त्रात आणली. मार्गदर्शक म्हणजे परांची. तो मुलाच्या जागी काम करीत नाही. मूल जेथे अडते तेथेच, तेवढाच आधार देतो आणि मूल सावरले की बाजूस होतो.

६. प्रत्यक्ष रीत

आता हे कसे करावयाचे ते एका उदाहरणाने पाहू. अकरावी विज्ञान शाखेतील एक विद्यार्थी आहे. एकवीस दिवसांनी रसायनशास्त्राची चाचणी आहे आणि चार प्रकरणे तयार करावयाची आहेत. “रोज एक प्रकरण केले तरी चार दिवसांचे काम,” असे तो म्हणतो आणि सतरा दिवस निर्धास्त राहू पाहतो.

पहिले काम तुकडे पाडण्याचे. ‘रसायनशास्त्र करणे’ हे काम नव्हे, ती कामांची मोट आहे. प्रत्येक प्रकरणाच्या दोन बैठका वाचनाच्या, दोन उदाहरणांच्या आणि एक आठवून लिहिण्याची, अशा पाच बैठका धरल्या, तर चार प्रकरणांच्या वीस बैठका होतात. बैठक चाळीस मिनिटांची धरावी.

दुसरे काम वेळेचा अंदाज तपासण्याचे. मार्गदर्शकाने विचारावे, “दहा उदाहरणांस किती वेळ लागेल?” विद्यार्थी म्हणतो, चाळीस मिनिटे. मग घड्याळ लावून एकदा ती सोडवावयास सांगावी. बहुधा तासभर लागतो. ह्यात त्या मुलाचा विशेष दोष नाही. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो केव्हा पुरा होईल असे विचारले होते. त्यांचा अंदाज सरासरी चौतीस दिवसांचा होता आणि प्रत्यक्षात सरासरी पंचावन्नांहून अधिक दिवस लागले. सांगितलेल्या दिवसापर्यंत काम पुरे करणारे एकतृतीयांशही नव्हते. यास्तव अंदाजाची दीडपट करावी. वीस बैठकांच्या तीस झाल्या. रोज दोन ह्या हिशेबाने पंधरा दिवस लागले. तीन दिवस उजळणीचे ठेवले आणि तीन दिवस पाहुणे, ताप, लग्नकार्य ह्यांसाठी मोकळे ठेवले, की एकवीस दिवस पुरते भरतात. हा हिशेब मुलाने आपल्या हाताने कागदावर मांडला म्हणजे ‘अजून पुष्कळ वेळ आहे’ हा भ्रम रागावल्यावाचून जातो.

तिसरे काम बेत पक्का करण्याचे. ह्यासाठी रोज पाचदहा मिनिटांची भेट पुरते. मार्गदर्शक निवृत्त गृहस्थ आहेत आणि मुलगा त्यांस काका म्हणतो, असे धरून ती भेट कशी व्हावी ते पाहा.

“उद्या काय करणार आहेस?”
“रसायनशास्त्र करीन, काका.”
“त्यातले काय?”
“दुसऱ्या प्रकरणातली पहिली दहा उदाहरणे.”
“केव्हा बसशील?”
“संध्याकाळी.”
“संध्याकाळ फार लांब असते रे. चहा झाल्यावर की जेवण झाल्यावर?”
“चहा झाल्यावर, सहाला.”
“कोठे?”
“आतल्या खोलीत. पण सहाला ताई तेथे टीव्ही लावते.”
“मग कसे करायचे?”
“मग वरच्या खोलीत बसतो. वही आत्ताच वर नेऊन ठेवतो.”

ह्या संवादात काकांनी एकही उपदेश केलेला नाही. त्यांनी केवळ प्रश्न विचारले, आणि उद्या सहा वाजता येणारी अडचण आजच मुलाच्या तोंडून बाहेर पडली. तीवरचा उपायही त्यालाच सुचला. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर ह्यांनी ह्या गोष्टीचा अभ्यास केला आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुटीत दोन दिवसांच्या आत एक लहानसा वृत्तांत लिहावयाचा होता. तो केव्हा व कोठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधी ठरविले, त्यांच्यात काम पुरे करणाऱ्यांचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक निघाले. ‘अभ्यास करीन’ हा संकल्प होय; ‘चहाचा कप खाली ठेवला की वरच्या खोलीत जाऊन वही उघडीन’ हा बेत होय. संकल्पास आठवण द्यावी लागते. बेतास चहाचा कपच आठवण देतो.

चौथे काम तपासणीचे. दुसऱ्या दिवशीच्या भेटीत पहिला प्रश्न ‘झाले का?’ हा आणि न झाल्यास दुसरा प्रश्न ‘कोठे अडले?’ हा असावा. ‘का नाही केलेस?’ असे विचारले की मूल सबब शोधते, ‘कोठे अडले?’ असे विचारले की अडचण शोधते. भेट संपताना पुढील दिवसाचा बेत मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहावा.

पाचवे काम परांची उतरविण्याचे, आणि ते विसरता कामा नये. पहिला महिना रोज, दुसरा महिना एक दिवसाआड, तिसरा महिना आठवड्यातून एकदा, असे भेटीचे प्रमाण कमी करावे. मूल आपले वेळापत्रक आपण लिहू लागले आणि बेत बिघडल्यास आपणच दुरुस्त करू लागले, म्हणजे मार्गदर्शकाचे काम संपले. जो मार्गदर्शक वर्षानुवर्षे लागतो त्याने कारभार शिकविला नाही, तो स्वतःच कारभारी होऊन बसला, असे समजावे.

७. उपयोगी पडणाऱ्या काही सवयी

(१) डोक्यावरचा भार कागदावर उतरवावा. एक लहान वही सदैव जवळ असावी. मुदती, सूचना, आणावयाच्या वस्तू लगेच टिपाव्या. व्यापारी रोजकीर्द ठेवतो ती स्मरण कमी म्हणून नव्हे, हिशेब चुकू नये म्हणून.

(२) वस्तूंच्या जागा ठरवाव्या. दप्तर रात्रीच भरून दाराजवळ ठेवावे. सकाळची घाई हा कारभाऱ्याचा सर्वांत वाईट काळ होय.

(३) आरंभ अगदी लहान ठेवावा. ज्यास बसणेच जड जाते त्याने ‘पाच मिनिटे फक्त तारीख घालून पहिले उदाहरण उतरवीन’ एवढेच ठरवावे. एकदा हात चालू लागला की पुष्कळदा पुढचे आपोआप होते.

(४) मोहाशी झुंजण्यापेक्षा मोह दूर ठेवावा. मोबाईल उशाशी ठेवून त्याकडे न पाहण्याचा निश्चय करणे म्हणजे कारभाऱ्यास विनाकारण दमविणे. तो दुसऱ्या खोलीत ठेवला की निश्चयाची गरजच उरत नाही.

(५) पुनःपुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवावे. २००६ साली अमेरिकेत रोडिगर व कार्पिक ह्यांनी केलेल्या प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांस पाच मिनिटांनंतर अधिक आठवत होते. परंतु आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले. वाचताना ‘येते आहे’ असे वाटते. खरोखर येते की नाही हे पुस्तक मिटल्यावरच कळते.

(६) झोप पुरी घ्यावी. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस रोज आठ ते दहा तास झोप हवी असे वैद्यकीय मत आहे. जागरणाने प्रथम थकतो तो कारभारीच.

८. पालकांसाठी दोन शब्द

आईवडिलांनी स्वतः मार्गदर्शक व्हावे की नाही, हा प्रश्न विचारला जातो. लहान मुलांच्या बाबतीत अवश्य व्हावे. परंतु पंधरासोळाव्या वर्षी वडिलांचा साधा प्रश्नही मुलास उलटतपासणी वाटतो. अशा वेळी मामा, आत्या, शेजारची पदवीधर ताई किंवा एखादे निवृत्त शिक्षक अधिक उपयोगी पडतात.

दुसरी गोष्ट शब्द पाळण्याची. मुलांना एक गोड वडी देऊन, “थोडे थांबलास तर दुसरी मिळेल,” असे सांगण्याचा अमेरिकेतील प्रयोग सुप्रसिद्ध आहे. जे थांबले ते पुढे यशस्वी झाले असे पुष्कळ दिवस सांगितले जाई. पुढे २०१८ साली अधिक मोठ्या संख्येने मुले घेऊन पाहिले असता, घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो संबंध बराच क्षीण निघाला. त्याआधी २०१३ साली एक वेगळाच प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यात काही मुलांस आधी दिलेले वचन मोठ्या माणसाने मोडले आणि काहींच्या बाबतीत पाळले. ज्यांच्याशी वचन पाळले ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांच्याशी मोडले ती तीनच मिनिटे. ‘पहिला आलास तर सायकल’ असे सांगून सायकल न आणणाऱ्या घरी मुलाने उद्यासाठी आजचा खेळ का सोडावा? मोठ्यांचा शब्द भरवशाचा असेल तेथेच मुलांच्या संयमास मूळ धरता येते.

तिसरी गोष्ट स्तुतीची. ‘हुशार आहेस’ असे म्हणण्यापेक्षा ‘आज सांगितल्यावाचून सहाला बसलास’ असे म्हणावे. ज्या कृतीची नोंद घेतली जाते ती कृती पुन्हा घडते.

९. मर्यादा आणि सावधगिरी

कोणत्याही नव्या उपायाची अवास्तव स्तुती होते, म्हणून मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अशा मार्गदर्शनाविषयीचे अभ्यास बहुतांशी अमेरिकेतील आणि थोड्या विद्यार्थ्यांवर झालेले आहेत. त्यांतून उपयोग दिसतो, चमत्कार दिसत नाही. तसेच संगणकावरील खेळांनी ‘स्मरणशक्ती वाढविण्याच्या’ जाहिराती हल्ली पुष्कळ दिसतात. २०१३ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला असता, मूल त्या खेळात तरबेज होते, परंतु वाचन वा गणित त्यामुळे सुधारते असे आढळले नाही. पोहणे पाण्यातच शिकावे लागते. अभ्यासाचा कारभारही प्रत्यक्ष अभ्यासातच शिकावा लागतो. अशा जाहिरातींवर पैसे घालविण्यापूर्वी पालकांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

काही मुलांची अडचण मार्गदर्शनाने भागण्यासारखी नसते. अवधान न टिकणे व अतिचंचलता ह्यांचा जो विकार ‘एडीएचडी’ ह्या नावाने ओळखला जातो, तो जगभर शंभरांत सुमारे पाच मुलांत आढळतो. लहानपणापासून, घरी आणि शाळेत दोन्हीकडे, सारखीच अडचण दिसत असेल तर बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ ह्यांचा सल्ला घ्यावा. त्यात कमीपणा नाही. चष्मा लावताना आपण लाजत नाही. वाचन, लेखन वा गणित ह्यांतील विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात समाविष्ट आहे. रीतसर प्रमाणपत्र असल्यास अशा विद्यार्थ्यांस परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळू शकतात. आणि पूर्वी व्यवस्थित असलेला मुलगा अचानक विस्कटू लागला, झोप-भूक उडाली, बोलेनासा झाला, तर तो कारभाराचा प्रश्न नसून मनाच्या दुखण्याचा असू शकतो. तेथे वेळापत्रक पुढे करू नये. प्रथम मूल सांभाळावे.

१०. समाज काय करू शकेल?

ह्या कामास इमारत लागत नाही, मोठा निधी लागत नाही. लागतात ती वेळ देणारी, शांतपणे प्रश्न विचारणारी आणि मुलाच्या गोष्टी बाहेर न बोलणारी माणसे. अशी माणसे प्रत्येक समाजात असतात. निवृत्त शिक्षक आहेत, कचेरीत आयुष्यभर दप्तर सांभाळलेले गृहस्थ आहेत, चार मुलांचे डबे आणि दोन सासरमाहेरांचे सणवार एकही न चुकता पार पाडलेल्या गृहिणी आहेत. कारभार म्हणजे काय हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? एका मार्गदर्शकाने दोन किंवा तीनच विद्यार्थी घ्यावे, तीन महिने घ्यावे, भेट अभ्यासिकेसारख्या उघड्या जागी आणि पालकांच्या माहितीने व्हावी, आणि झालेल्या बैठकांची साधी नोंद ठेवावी. शिष्यवृत्तीचा धनादेश देताना त्यासोबत एक वही आणि एक माणूस देता आला, तर त्या धनादेशाचे मोल पुष्कळ वाढेल असे आमचे नम्र मत आहे.

विद्यार्थी मित्रांस शेवटी एवढेच सांगावयाचे की, कामे वेळेवर होत नाहीत म्हणून स्वतःस कमी लेखू नका आणि ‘माझा स्वभावच असा’ म्हणून सोडूनही देऊ नका. हा लेख मिटल्यावर एक कागद घ्या आणि उद्याचे एकच काम त्यावर लिहा. काय, केव्हा, कोठे, आणि अडले तर काय, ह्या चार प्रश्नांची उत्तरे त्यापुढे मांडा. उद्या रात्री ते काम झाले की नाही ते त्याच कागदावर टिपा. असे एकवीस दिवस करून पाहावे, आणि त्या एकवीस कागदांचा गठ्ठा घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसासमोर ठेवून त्यावर चार शब्द बोलावे.